साठीनंतरचं पिस्तूल : कमजोर हातांच्या नवशिक्यांसाठी सुलभ मार्गदर्शन

निवृत्तीच्या पैशांतून मुळशीकडे किंवा कर्जतला एकरभर जागा घेतली, फार्महाऊस बांधलं, पहिल्याच रात्री वॉचमन सुट्टीवर गेला आणि पत्र्यावर काहीतरी वाजलं. अशा रात्रीनंतर भल्याभल्या सज्जनांना आपल्याकडे एक पिस्तूल असावं असं वाटू लागतं. त्यांच्यापैकी ज्यांच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण हल्ली सूनबाई उघडून देतात, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. पूर्वानुभवाची गरज नाही. सिनेमे पाहिले असल्यास ते विसरायची तयारी हवी.

आधी चाळणी लावू. पत्र्यावर बिबट्या होता असा संशय असेल तर पिस्तुलाचा विचार सोडा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे, आणि छोट्या गोळीने तो मरण्यापेक्षा चिडण्याची शक्यता अधिक. सापासाठी सर्पमित्र आहेत. उरला चोर. चोरासाठी कुत्रा आणि अंगणातला दिवा पिस्तुलापेक्षा स्वस्त पडतो, आणि दोघांनाही परवाना लागत नाही. एवढं वाचूनही हात शिवशिवत असतील तर पुढे चला.

पहिली पायरी : कागद

हत्यार घेण्याआधी परवाना लागतो, हे नवशिक्यांना ठाऊक असतं. निम्मी निवड परवानाच करून टाकतो, हे ठाऊक नसतं.

पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर अर्ज आयुक्तांकडे, नाहीतर जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार अर्जाचा नमुना ए-१, शस्त्र सुरक्षितपणे हाताळायच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र एस-१ आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र एस-३. १९५९ च्या शस्त्र कायद्याने किमान वय २१ ठरवलं आहे. कमाल वय ठरवलेलं नाही. म्हणजे कायद्याला तुमचं वय चालतं, आता डॉक्टरला चालायला हवं. शरीराबरोबर मनाची प्रकृतीही ठीक असल्याचं त्याला लिहून द्यायचं असतं. डॉक्टर सोसायटीतला असेल आणि वार्षिक सभेला नियमित येत असेल, तर प्रमाणपत्र दुसऱ्याकडून घ्या.

परवाना कशासाठी हवा या प्रश्नाचं उत्तर जपून लिहावं. ‘भाऊबंदकी’ असं लिहू नये, खरं असलं तरी. ‘पत्र्यावर काहीतरी वाजलं’ असंही लिहू नये. चौकशीला हवालदार येतील तेव्हा त्यांना चहा द्यावा आणि यूट्यूब पाहून सर्वज्ञ झालेल्या पुतण्याला तेवढ्यापुरतं बाहेर पाठवावं. या सगळ्याला वेळ लागतो. अर्ज करताना ज्या हातात बळ होतं त्या हातात परवाना पडेपर्यंत ते राहीलच असं नाही, म्हणून पुढचा भाग नीट वाचा.

दुसरी पायरी : कायद्याने केलेली निवड

अमेरिकेत हा प्रश्न फार बिकट होतो. तिथे दुकानात शेकडो नमुने मांडलेले असतात, आणि म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात काय ठेवावं यावर काउंटरमागच्या माणसाची मतं ठाम असतात. आपल्याकडे मुळात निवडीला फारसा वावच नाही. ९ मिलिमीटर हा आपल्या कायद्यात निषिद्ध बोअर आहे. तो फौजेचा आणि पोलिसांचा. परदेशी पिस्तूल आयात करायची सवलत नामांकित नेमबाजांना आहे, नामांकित काकांना नाही. राहतं ते मुख्यतः ३२ बोअर.

पुतण्या इथे नाक मुरडेल. त्याला मुरडू द्या. ३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरचं काडतूस, म्हणजे ‘३२ स्मिथ अँड वेसन लाँग’, १८९६ सालचं आहे आणि झटक्याच्या बाबतीत अत्यंत सौम्य. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २५ मीटरच्या सेंटरफायर प्रकारात नेमबाज आजही ते आवडीने वापरतात, कारण मनगट न हलता गोळी जाते. सौम्य झटक्यासाठी अमेरिकेतले आजोबा दुकानं पालथी घालतात; आपल्याकडे तो झटका कायद्यानेच सक्तीचा केला आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तुमचा संधिवात नव्हता, तरी आभार मानायला हरकत नाही. त्यात हे काडतूस बऱ्याचदा आपल्या पुण्याचंच असतं. पितळी बुडावर ‘के. एफ.’ अशी अक्षरं दिसली तर ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, म्हणजे १८६९ सालच्या ‘किर्की फॅक्टरी’ची.

तिसरी पायरी : हलकं ते बरं, हा गैरसमज

आता दुकानदार एक वाक्य बोलेल : ‘काका, हे घ्या, एकदम हलकं आहे.’ अमेरिकेतही हेच होतं. आजीबाई दुकानात शिरल्या की त्यांच्यापुढे पाच गोळ्यांचं, जेमतेम ४०० ग्रॅमचं, चिमुकलं रिव्हॉल्व्हर ठेवतात. खिशात मावतं, पर्समध्ये मावतं, दिसायला गोंडस. झाडलं की तळव्यात असा रट्टा बसतो की आजीबाई पुन्हा त्याला हात लावत नाहीत.

कारण शाळेत शिकलेलंच आहे. गोळी जेवढ्या संवेगाने पुढे जाते, तेवढाच संवेग हत्याराला मागे मिळतो. हत्यार जड असेल तर ते सावकाश मागे येतं. हलकं असेल तर जोरात. म्हणजे बाळगायला हलकं ते झाडायला जड. कमजोर हाताने जडच हत्यार घ्यावं, हा सल्ला ऐकायला विचित्र वाटतो, आणि म्हणूनच तो कोणी देत नाही.

कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर काढलं. दिल्लीच्या निर्भयाची आठवण नावात ठेवून, महिलांसाठी म्हणून. टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन ५०० ग्रॅम, दागिन्याच्या डबीसारखं मरून खोकं, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. खोकं सुंदर आहे. पण त्याच ३२ बोअरचं जुन्या घडणीचं कानपुरी रिव्हॉल्व्हर ७०० ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि दुखऱ्या हातासाठी ते २०० ग्रॅम वरदान आहेत. कमरेला लावून लग्नात मिरवायचं असेल तर हलकं घ्या. लग्नात हवेत बार काढायचा विचार असेल तर शस्त्र कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती वाचून घ्या : दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

चौथी पायरी : नेमकं दुखतं कुठे?

हा या मार्गदर्शिकेचा गाभा आहे, आणि नेमका हाच प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही. ‘हातात ताकद नाही’ हे निदान फार ढोबळ झालं. अंगठा दुखतो, तर्जनी दुखते, मूठ आवळत नाही की मनगट लुळं पडतं, यावर सगळं ठरतं.

मूठ मोजायला सोपी. फिजिओथेरपिस्टकडे दाबायचं एक यंत्र असतं. पुरुषाची पकड २८ किलोच्या खाली आणि स्त्रीची १८ किलोच्या खाली गेली की ती कमजोर समजावी, असं आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवलं. आकडा कमी आला तर घरी सांगू नका. लगेच कोणीतरी दुधी भोपळ्याचा रस सुरू करेल.

तर्जनीची परीक्षा स्वयंपाकघरात घ्या. पाच किलो कणकेच्या पिशवीचे बंद तर्जनीवर अडकवा आणि फक्त त्या बोटाने पिशवी वर ओढा. एकदा नव्हे, सहा वेळा. रिव्हॉल्व्हरचा घोडा न चढवता नुसता चाप ओढून बार काढायचा तर साधारण एवढा जोर लागतो, कारण त्या एका ओढीत चक्रही फिरतं, घोडाही मागे जातो आणि सुटतोही. तिसऱ्या खेपेला बोटाबरोबर आख्खा हात थरथरू लागला, की तुमचा नेम कुठे जाणार आहे ते कळेल. पिशवी फुटल्यास मार्गदर्शक जबाबदार नाही.

यावर तोड आहे. घोडा आधी मागे चढवून ठेवला तर चाप दोन किलोच्या आसपासच्या जोरानेच सुटतो. पण घोडा चढवतो अंगठा. संधिवात बहुतेकदा अंगठ्याच्या मुळाशी ठाण मांडून बसलेला असतो, आणि तिथेच नवशिक्याची गोची होते. अशा वेळी दोन्ही हातांनी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने घोडा चढवावा. हे करताना अंगठा चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीजवळ नेऊ नये. तिथून बाराबरोबर तापलेला वायू बाहेर फेकला जातो. आणि घोडा चढवलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन घरभर फिरू नये. थरथरत्या बोटाला दोन किलो फारच कमी असतात. बोट चापावर ठेवायचं ते नेम धरल्यावरच. हा नियम विनोदाचा नाही.

अंगठाही गेला आणि तर्जनीही गेली, तर पुतण्या म्हणेल, ‘मग ऑटोमॅटिक पिस्तूल घ्या ना, चाप हलका असतो.’ चाप हलका असतो, खरं आहे. पण तिथवर पोचायचं कसं? आधी मॅगझिनमध्ये एकेक काडतूस अंगठ्याने दाबून बसवायचं. प्रत्येक काडतुसागणिक स्प्रिंग ताठत जाते. मग स्लाइड मागे खेचायची. इथे भल्याभल्यांची बोटं निसटतात.

स्लाइड इतकी कडक का, हे समजून घेण्यासारखं आहे. आपल्या सरकारी कारखान्यांचं ‘अशनी’ हे पिस्तूल ज्या काडतुसावर चालतं, ते ३२ एसीपी. जॉन ब्राउनिंगने ते १८९९ च्या सुमारास घडवलं. एवढ्या छोट्या काडतुसाच्या पिस्तुलात नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवायची यंत्रणा सहसा नसते. बार होताना मागचं तोंड बंद राहतं ते स्लाइडच्या वजनावर आणि स्प्रिंगच्या जोरावर. ज्या दाराला कडीच नाही ते वाऱ्यात बंद ठेवायचं तर स्प्रिंग दांडगीच लागणार, आणि ते उघडताना तुमचाच खांदा निखळणार. मोठ्या काडतुसाच्या पिस्तुलात कडी असते, म्हणून तिथे स्प्रिंग मऊ ठेवता येते. छोटं पिस्तूल म्हाताऱ्यांना सोपं, ही समजूत इथे पार उलटी पडते.

आता सिनेमे विसरा असं का म्हटलं ते सांगतो. जेम्स बाँडचं वॉल्थर पीपीके याच बिनकडीच्या घराण्यातलं आहे, आणि बाँडला दिलेलं काडतूसही हेच ३२ बोअरचं. त्याच्या हातात ते शोभतं, कारण त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात नाही आणि मॅगझिन भरताना तो पडद्यावर क्वचितच दिसतो.

पिस्तूलच हवं असा हट्ट असेल तर युक्ती ही : स्लाइड खेचू नका. पिस्तूल छातीजवळ आणा, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवा, दुसऱ्या हाताचा पूर्ण पंजा स्लाइडवर वरून पालथा घाला, तो जागच्या जागी घट्ट धरा आणि मूठ धरलेला हात जोरात पुढे ढकला. चिमटीपेक्षा पंजात आणि ओढण्यापेक्षा ढकलण्यात जोर जास्त असतो. अमेरिकेत यावरही उत्पादनं निघाली. २०१८ मध्ये स्मिथ अँड वेसनने मऊ स्लाइडचं ‘शील्ड ईझी’ काढलं. काही बेरेटा पिस्तुलांची नळीच पुढून वर उचलते. पहिलं काडतूस थेट तिच्यात ठेवायचं, स्लाइडला हातही लावायचा नाही. हे वाचून हळहळावं आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळावं, कारण आपल्या दुकानात ते मिळत नाही.

राहिलं मनगट. पिस्तूल झाडताना मनगट लुळं पडलं तर स्लाइड पुरती मागे जात नाही आणि रिकामं काडतूस मध्येच अडकतं. मग ते सोडवायला पुन्हा स्लाइड खेचायची. रिव्हॉल्व्हरला मनगटाचं सोयरसुतक नसतं. काडतूस फुटलं नाही तर पुन्हा चाप ओढा, चक्र फिरून पुढचं काडतूस येतं. म्हणून माझा कौल रिव्हॉल्व्हरला, आणि तेही जडातल्या जडाला.

त्यातही रिकामं करायची सोय पाहून घ्या. जुन्या घडणीचं कानपुरी रिव्हॉल्व्हर मधोमध मोडून उघडतं आणि उघडताना सहाही टरफलं स्वतःच वर उचलतं. फक्त वरची कडी अंगठ्याने सुटते का ते तपासा. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’चं चक्र बाजूला उघडतं आणि वजनही ७०० ग्रॅमच्या जवळपास आहे. उत्तर प्रदेशात संडिल्याला वेब्ली अँड स्कॉटच्या नावाची रिव्हॉल्व्हरं बनतात, तीही ३२ बोअरचीच. दुकानात रिकामं रिव्हॉल्व्हर हातात घेऊन, दुकानदाराला विचारून, चाप सहा वेळा ओढा. चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. सहाव्यांदा ओढता आला तर किमतीचं बोला.

पाचवी पायरी : डोळे

साठीच्या नवशिक्याला लक्ष्य छान दिसतं आणि नळीच्या टोकाची माशी धूसर दिसते. नेमबाजीत उलटं हवं असतं : माशी स्वच्छ, लक्ष्य धूसर चाललं तरी चालेल. वाचनाचा चष्मा त्याहून जवळ पाहतो, लांबचा त्याहून लांब. सरळ केलेल्या हाताच्या टोकाशी जुळेल असा वेगळा नंबर चष्मेवाल्याकडून काढून घ्यावा. तो कशासाठी विचारेल. ‘संगणकासाठी’ म्हणावं.

सहावी पायरी : दुसरा रस्ता

इथवर आलेल्या वाचकाला मनापासून विचारतो : तुम्हाला चोर मारायचा आहे, की नेम धरून बार काढायचा आहे? दुसरं असेल, आणि बहुतेकांचं तेच असतं, तर १० मीटरचं हवेचं पिस्तूल घ्या. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीला परवाना लागत नाही. दुकानात ओळखपत्र लागतं. स्पर्धेच्या नियमानुसार चाप किमान ५०० ग्रॅमचा. पाच किलोची पिशवी आठवा आणि हा आकडा पुन्हा वाचा. झटका जवळजवळ नाही. लाकडी मूठ तुमच्या वाकड्या बोटांच्या मापाने घासून घेता येते.

घेताना एकच पथ्य. काही पिस्तुलांत दर गोळीला लांब दांडा दाबून हवा भरावी लागते. तो दांडा संधिवाताच्या हाताचा शत्रू. आधीच हवा भरलेल्या नळकांड्याचं पिस्तूल घ्या. त्याला दर गोळीला फक्त एक छोटा खटका उघडावा लागतो. वजन किलोभर असतं आणि नियमाने एकाच हाताने धरायचं असतं, म्हणून इथे बोटांऐवजी खांदा कामाला लागतो. पाण्याची लिटरची बाटली हात सरळ करून धरा, डोळ्यांच्या रेषेत. स्पर्धेत अशा ६० गोळ्या ७५ मिनिटांत मारतात, आणि दहा गुणांचं वर्तुळ असतं ११.५ मिलिमीटरचं.

बागपत जिल्ह्यातल्या जोहरी गावच्या चंद्रो तोमर नातीला रेंजवर सोडायला म्हणून गेल्या आणि पासष्टी उलटल्यावर स्वतः पिस्तूल धरायला शिकल्या. २०२१ मध्ये कोविडने गेल्या तोवर देश त्यांना ‘शूटर दादी’ म्हणत होता. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानचे युसुफ डिकेच ५१ व्या वर्षी एक हात खिशात घालून उभे राहिले आणि मिश्र सांघिक रौप्य घेऊन गेले. खिशातल्या हाताची चर्चा जगभर झाली. तो हात तिथे असतो कारण लोंबता ठेवला तर शरीर डुलतं, एवढंच. मुंबईत वरळीला आणि पुण्यात बालेवाडीला रेंज आहेत. जाऊन उभे राहा, तिथली मुलं आपणहून शिकवतात.

शेवटची पायरी : परत करणं

ज्यांनी तरीही परवान्याचं रिव्हॉल्व्हर घेतलं, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारकांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. विधानसभा, लोकसभा, महापालिका, ग्रामपंचायत अशी वर्षं धरली, तर तुमच्या घराचं रक्षण बराच काळ पोलीस ठाण्याच्या कपाटातून होत राहील.

दुसरी गोष्ट घरच्यांसाठी. आजोबा गॅस चालू ठेवून विसरू लागले, नातवाला चोर समजू लागले, किंवा दिवसचे दिवस गप्प बसून राहू लागले, तर हत्यार घरात ठेवू नका. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येतं. त्यांना वाईट वाटेल. तरी करा. आणि २०१६ च्या नियमांत याहून सन्मानाची वाटही आहे : परवानाधारकाला ७० वर्षं पूर्ण झाली, किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे राहिलं, यांपैकी जे आधी होईल तेव्हा त्याने नेमलेला कायदेशीर वारस त्या हत्याराच्या परवान्यासाठी अर्ज करू शकतो. वारसाचं वय मात्र २१ पूर्ण हवं, आणि एस-१, एस-३ त्यालाही चुकत नाहीत.